जेसीबी दारात येण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीनंतर शेतांतील ओल उतरू लागते, घरांची कामे निघतात आणि आमच्या टपालात खोदकाम, भराव व सपाटीकरण यांविषयीची पत्रे वाढतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : जळगाव शहरालगत आमचा 40 बाय 50 फुटांचा प्लॉट आहे. जमीन काळी असून रस्त्यापेक्षा सुमारे दोन फूट खाली आहे. एक ठेकेदार तासाच्या दराने जेसीबी लावू म्हणतो. दुसरा खोदकाम, भराव आणि सपाटीकरण मिळून उक्ते काम मागतो. दोघांच्या आकड्यांत बराच फरक पडतो. काम कोणाला द्यावे? (जळगाव)

उत्तर : हे दोन आकडे आज एकमेकांशी ताडून पाहताच येणार नाहीत, कारण दोघांनी वेगवेगळ्या कामाचा भाव सांगितला आहे. आधी काम किती आहे ते तुम्ही स्वतः, कागदावर काढा. त्याला गुणाकारापलीकडे काही लागत नाही. तुमचा प्लॉट 2000 चौरस फुटांचा आहे आणि तो दोन फूट उचलायचा आहे, म्हणजे 4000 घनफूट भराव लागेल. शंभर घनफुटांचा एक ब्रास, या हिशेबाने तो 40 ब्रास होतो. मात्र हे दाबून बसलेल्या भरावाचे माप आहे. टिपरमधून येणारा मुरूम मोकळा असतो आणि पाणी मारून रोलर फिरवला की तो खाली बसतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे 50 ब्रास मुरूम आणावा लागेल. ज्याने 40 ब्रासचा भाव दिला तो स्वस्त दिसतो, पण तो एक तर पुढे वाढीव पैसे मागेल, नाही तर भराव न दाबताच निघून जाईल.

खोदकामात नेमके याच्या उलट घडते. बारा कॉलमचे खड्डे प्रत्येकी पाच बाय पाच फुटांचे आणि सहा फूट खोल घेतले, तर खड्ड्यांचे माप 18 ब्रास भरते. तीच माती बाहेर काढली की फुगते आणि गाडीत 22-23 ब्रास होते. ठेकेदार गाड्या मोजतो, मालक खड्डे मोजतो, दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात आणि तरीही भांडण होते. म्हणून खोदकामाचे माप खड्ड्यातच घ्यायचे आणि भरावाचे माप गाडीत घ्यायचे की दाबल्यानंतर, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. गाडीचे माप ठरले, तर पहिल्याच खेपेला टेप लावून गाडीची आतली लांबी, रुंदी आणि उंची मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉलीत 90 घनफूटच माल मावतो. तिला पूर्ण ब्रास धरले, तर दर दहा खेपांमागे एक ब्रास तुमच्या हिशेबातून जातो.

आता तासावर की उक्ते? जमीन माहीत आहे आणि माप काढता येते, तेथे ब्रासच्या दराने किंवा उक्ते काम देणे मालकाच्या हिताचे असते, आणि तुमचे काम त्याच प्रकारचे आहे. खाली काय निघेल याचा अंदाजच नसेल, तेथे मात्र तासाचा दर दोघांनाही न्याय देतो. तासावर काम दिलेच, तर मशीनच्या अवर मीटरचे रीडिंग सुरुवातीला आणि शेवटी ऑपरेटरसमोर लिहून दोघांनी सही करावी. दर डिझेलसह आहे का, किमान किती तास धरणार, मशीन आणण्या-नेण्याचे भाडे वेगळे आहे का आणि जीएसटी दरात धरला आहे का, हे चारही प्रश्न तोंडी नकोत. तासाच्या कामात पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो टिपरची वाट पाहत उभ्या असलेल्या मशीनवर. माती टाकण्याची जागा दूर असेल तर दोन टिपर आलटून-पालटून चालले पाहिजेत, आणि टिपर नसल्यामुळे उभ्या राहिलेल्या मशीनचे तास कोणी सोसायचे हेही आधीच ठरले पाहिजे.

तुमच्या जमिनीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जळगावच्या मे महिन्यात या भेगांत हात जातो. तिच्यावर थेट टेकवलेली फरशी वर उचलली जाते आणि हलक्या भिंती तडकतात. त्यामुळे पाया काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत नेणे किंवा मुरूम फार खोल असल्यास अभियंत्याच्या सल्ल्याने अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब, घेणे भाग आहे. जोत्याच्या आत गवत-मुळ्यांसह वरचा काळा थर काढून न फुगणारा मुरूम भरावा. हा मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरांनी पडला पाहिजे. प्रत्येक थरावर पाणी मारून तो रोलरने किंवा धुम्मसने दाबल्यावरच पुढचा थर टाकायचा. नेमके हेच टाळले जाते. दोन फूट मुरूम एकदम ओततात, बकेटच्या पाठीने वरचा भाग गुळगुळीत करतात आणि काम सुबक दिसते. दोन पावसाळ्यांनी फरशी पोकळ वाजू लागते. यावर साधा उपाय आहे. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी लोखंडी गज रोवा आणि त्यांवर दर आठ इंचांवर तांबड्या रंगाची खूण करा. मुरूम पहिल्या खुणेला पोचला की मशीन थांबेल आणि रोलर फिरल्याशिवाय दुसऱ्या खुणेकडे कोणी जाणार नाही, असे ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगा.

जोत्याची पातळी ठरवताना आजचा रस्ता धरू नका, कारण प्रत्येक डांबरीकरणाने रस्ता वर येतो. तसेच घराभोवतीच्या पहिल्या दहा फुटांत बाहेरच्या बाजूला निदान सहा इंच उतार ठेवा. काळ्या मातीत भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचणे हे सर्वांत मोठे नुकसान आहे आणि ते केवळ उताराने टळते.

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर पाडून तेथेच आरसीसी घर बांधायचे आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या मातीच्या भिंती लागून आहेत. ठेकेदार म्हणतो, जेसीबीने एका दिवसात सगळे मोकळे करून देतो. शेजारी घाबरले आहेत. काय करावे? (अमळनेर तालुका)

उत्तर : शेजाऱ्यांची भीती रास्त आहे. पांढऱ्या मातीच्या या भिंती दीड-दोन फूट जाड असल्या तरी त्यांचा पाया फार उथळ असतो आणि त्या उभ्या राहतात त्या शेजारच्या जमिनीच्या व भिंतीच्या आधारावर. तुम्ही त्यांना लागून पाच-सहा फूट खोल चर मारला, तर पायाखालची माती तुमच्या खड्ड्यात ढासळते आणि भिंत कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय बसते. कायद्याचेही तुमच्यावर बंधन आहे : शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो, त्याचा हक्क 1882 चा सुखाधिकार अधिनियम मान्य करतो, आणि वीस वर्षे उभ्या असलेल्या इमारतीलाही असा हक्क मिळू शकतो.

म्हणून एका दिवसात मोकळे करून देण्याचे आश्वासन स्वीकारू नका. घर पाडताना धाब्यावरची माती आधी माणसे लावून उतरवावी, नंतर छताची लाकडे, म्हणजे किलच्या, कड्या आणि धरणे, काढावीत. वरचा भार तसाच ठेवून खालची भिंत बकेटने ओढली तर सगळा भार शेजाऱ्याच्या बाजूला झुकतो. मशीन प्लॉटच्या मध्यभागी खुशाल चालू द्या, पण शेजारच्या भिंतीपासून निदान तीन-चार फुटांचा पट्टा कुदळ-फावड्यासाठी राखून ठेवा. त्या पट्ट्यातील खोदकाम सलग नको. चार-पाच फुटांचा एक तुकडा खोदावा, दुसरा तसाच सोडून तिसरा घ्यावा, खोदलेल्या तुकड्यात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काँक्रीट भरावे आणि मगच मधला तुकडा उघडावा. शेजारच्या भिंतीला बल्ल्यांचे तिरपे टेकू काम संपेपर्यंत राहू द्यावेत. याहून चांगला मार्ग म्हणजे अभियंत्याकडून कॉलमची मांडणी अशी करून घेणे की खोल खड्डे भिंतीपासून आत राहतील आणि कडेचा कॉलम बीमने आतल्या पायाशी बांधला जाईल. यात लोखंड थोडे जास्त लागते, पण शेजाऱ्याची भिंत पुन्हा बांधून देण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडते.

काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतींचे, विशेषतः आधीपासून असलेल्या तड्यांचे, तारखेसह फोटो काढा आणि दोघांच्या सह्यांचा कागद करा. यात अविश्वास नाही. पुढे तडा जुना की नवा हा वाद उभा राहू नये एवढाच हेतू आहे.

गावठाणातील खोदकामात आणखी एक धोका असतो, जो शहरातून आलेल्या ऑपरेटरला सहसा माहीत नसतो. जुन्या घरांखाली धान्याची पेवे असतात, बुजवलेले आड असतात. वरून जमीन घट्ट दिसते आणि जेसीबीचे मागचे चाक अचानक आत जाते. गावातील वयस्कर माणसांना विचारा, त्यांना पेव कोठे होते हे बहुधा आठवते. शंका असेल तेथे पहारीने ठोकून पाहा आणि पाणी ओता. पाणी भराभर जिरले तर खाली पोकळी असण्याची शक्यता मोठी आहे. पेव सापडलेच तर ते मोकळ्या मातीने बुजवू नका. आतली भुसभुशीत माती काढून डबर आणि कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरून घ्या. तसेच पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या मातीने बनलेला पांढरीचा थर पाया पेलण्यासाठी भरवशाचा नसतो. तो ओलांडून मूळ जमीन लागेपर्यंत खाली गेले पाहिजे, आणि हा थर किती जाड आहे हे कळण्यासाठी दर ठरवण्यापूर्वी एक चाचणी खड्डा घेणे आवश्यक आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील गावे फार प्राचीन आहेत. प्रकाशे आणि बहाळ येथील पुरातत्त्वीय उत्खननांत ताम्रपाषाण काळापर्यंतचे अवशेष मिळाले आहेत. खोदताना नाणी किंवा दागिने निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे मजुरांनाही आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : चाळीसगावजवळ घराच्या भरावासाठी मुरूम मागवला होता. तलाठ्यांनी ट्रॅक्टर थांबवून परवाना विचारला. ठेकेदार म्हणतो, ही जबाबदारी मालकाची. खरे काय? (चाळीसगाव)

उत्तर : मुरूम आणि माती ही गौण खनिजे आहेत आणि त्यांच्या उत्खननाला व वाहतुकीला महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013 लागू होतात. जेथून मुरूम काढला त्या जागेचा परवाना, भरलेले स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि वाहतुकीचा पास या गोष्टी पुरवठादाराने सांभाळायच्या असतात, म्हणून ठेकेदाराचे म्हणणे बरोबर नाही. पण तुम्ही पूर्णपणे मोकळे आहात असेही समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 (7) प्रमाणे विनापरवाना काढलेल्या किंवा नेलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहन व यंत्र जप्त होऊ शकते आणि मुरूम तुमच्या प्लॉटवर पडलेला असेल तर खुलासा तुम्हालाही विचारला जाईल. म्हणून प्रत्येक खेपेबरोबर वाहतूक पासची प्रत घ्या, त्यावरील गाडीचा क्रमांक, तारीख आणि परिमाण तपासा आणि प्रती जपून ठेवा. ‘रॉयल्टीसह दर’ एवढे शब्द पुरेसे नाहीत. ‘पास मिळाल्याशिवाय त्या खेपेचे पैसे दिले जाणार नाहीत’ असे लिहून घ्या.

तुमच्याच प्लॉटवर खोदलेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणासाठी वापरली तर त्यावर स्वामित्वधन लागत नाही, अशी तरतूद या नियमांत आहे. पायाच्या मातीवर दंड आकारण्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये मातीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी झाला हे पाहण्यावर भर दिला. मात्र तीच माती विकायची किंवा बाहेर न्यायची असेल, तर आधी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. माझा सल्ला असा की पायाची माती बाहेर काढण्यापूर्वी अंगणात, परसात किंवा रस्त्याकडील उतारात ती कोठे जिरवता येईल याचा विचार करावा. काळी माती जोत्यात चालत नाही, पण परसातील झाडांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही.

प्रश्न : साक्री तालुक्यात उतारावर घर बांधतो आहे. एका खड्ड्यात चार फुटांवर मुरूम लागला, तर पंधरा फुटांवरच्या दुसऱ्या खड्ड्यात दोन फुटांवर काळा पाषाण. ठेकेदार ब्रेकरचे, म्हणजे खडक फोडणाऱ्या यंत्राचे, वेगळे पैसे मागतो. तो फसवतो आहे का? (साक्री तालुका)

उत्तर : केवळ या मागणीवरून तसे म्हणता येणार नाही. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टच्या थरांना छेदून जाणाऱ्या डाईकची मोठी संख्या आहे. लाव्हा भेगांत शिरून तेथेच थिजला आणि त्याच्या लांबच लांब सरळ रांगा तयार झाल्या. तुमच्या भागातील भिंतीसारख्या अरुंद टेकड्या हे त्यांचेच उघडे पडलेले भाग आहेत. त्यामुळे काही फुटांच्या अंतरावर जमीन बदलणे येथे नवलाचे नाही. ब्रेकर लावला की वेळ, डिझेल आणि छिन्नीची झीज सर्वच वाढते, म्हणून वेगळा दर रास्त आहे. मात्र खडक कोठून सुरू झाला याची खोली ब्रेकर लावण्यापूर्वी टेपने मोजून फोटोसह नोंदवा, आणि बकेटने निघणारा मऊ खडक ब्रेकरच्या दरात जाऊ देऊ नका. सुरुंग लावण्याची सूचना कोणी केली तर साफ नकार द्या; स्फोटकांना परवाना लागतो आणि वस्तीत त्याचा धोका भयंकर असतो.

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. उतारावर वरची बाजू कापून खालच्या बाजूला भर टाकतात आणि अर्धे घर खडकावर, अर्धे भरावावर उभे राहते. भराव बसतो, खडक बसत नाही, आणि बरोबर त्या रेषेवर घर उभे चिरते. सर्व कॉलम, भरावाच्या बाजूचे सुद्धा, मूळ घट्ट जमिनीपर्यंत गेलेच पाहिजेत. वरच्या शेताचे पावसाचे पाणी घराच्या मागून चर काढून बाजूला वळवा, परंतु ते पूर्वी ज्या नाल्याला मिळत होते तेथेच सोडा. खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर ते नेऊन सोडले तर बांध फुटेल आणि दोष तुमच्याकडे येईल.

प्रश्न : धरणातील गाळ शेतासाठी मिळतो. तोच घराच्या भरावाला वापरावा का? (यावल)

उत्तर : नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा गाळ शेतीसाठी आहे, आणि तो शेतालाच शोभतो. गाळ बारीक, पाणी धरून ठेवणारा आणि फुगणारा असतो. घराखाली त्याचा एक थरही नको.

प्रश्न : मी सुरतेत नोकरीला आहे. शहादा तालुक्यातील गावी घराचे खोदकाम आणि सपाटीकरण स्थानिक ठेकेदाराकडून करून घ्यायचे आहे. ठेकेदार निम्मी रक्कम आधी मागतो. दूर राहून हे कसे सांभाळावे? (शहादा तालुका)

उत्तर : निम्मी रक्कम आधी देऊ नका. मशीन आणण्याचा खर्च आणि पहिल्या दिवसाचे डिझेल निघेल एवढा विसार पुरेसा आहे; पुढची रक्कम खड्डे मोजून झाल्यावर, भरावाचा प्रत्येक टप्पा दाबून झाल्यावर आणि शेवटचा काही भाग पातळी तपासल्यावर द्यावा. पातळी तपासायला मोठे यंत्र लागतेच असे नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी दोन टोकांची पातळी काढतात, ती पद्धत घराच्या कामाला चालते. मोठा प्लॉट असेल तर ऑटो लेव्हल असलेला सर्व्हेअर अर्ध्या दिवसासाठी बोलवा. बांध किंवा हद्द स्पष्ट नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधी करून घ्या आणि त्या खुणांवर चुन्याची फक्की मारल्यानंतरच मशीन आत येऊ द्या.

ठेकेदार निवडताना त्याचे नुकतेच झालेले काम पाहू नका. एक पावसाळा गेलेले काम पाहा आणि त्या घरमालकाशी बोला. जवळचा ठेकेदार घेण्यात मोठा फायदा असा की त्या शिवारात मुरूम किती खोल आहे हे त्याला ठाऊक असते आणि गावात तोंड दाखवायचे असल्याने तो काम अर्धवट टाकून सहसा जात नाही. तरीही एक पानाचा कागद करा. कामाची मापे, दर, माती कोठे टाकायची, खडक लागल्यास काय, गावाची नळाची पाइपलाइन किंवा केबल तुटल्यास दुरुस्ती कोणाची, हे त्यात हवे. मशीनची नोंदणी व विमा आणि ऑपरेटरचा परवाना यांच्या प्रती जोडा. प्लॉटवरून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयाशी बोलल्याशिवाय मशीनचा बूम (लांब हात) उचलू देऊ नका. दीड मीटरपेक्षा खोल चरात कडांना आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय माणूस उतरवू नये, आणि काढलेली माती कडेपासून निदान दीड मीटर दूर टाकावी. खोदकामाच्या सुरक्षेच्या भारतीय मानकात, आयएस 3764 मध्ये, हे सांगितलेले आहे आणि आपल्याकडे तेच सर्वांत कमी पाळले जाते. गावातील भाऊ किंवा काका देखरेख करणार असतील, तर या गोष्टी त्यांच्या हाती लिहून द्या.

वेळेचे म्हणाल तर पौष-माघात काम धरा. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) विहिरी, शेततळी आणि शेतांचे सपाटीकरण यांसाठी सगळी मशीने शिवारात गुंतलेली असतात, दर चढतात आणि पाऊस तोंडावर आल्याने भराव घाईत उरकला जातो. ठेकेदाराने विसार घेऊन काम सोडलेच, तर लेखी नोटीस द्या आणि उपयोग न झाल्यास नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. त्या वेळी तुमचा तो एक पानाचा कागद, बँकेतून पाठवलेल्या रकमेची नोंद आणि टेपसह काढलेले फोटो उपयोगी पडतील. म्हणून विसार रोख देऊ नका, बँकेतूनच पाठवा.